यादीतलं आठवं हत्यार

नानाजी लांजेवार जीपचं पुढचं चाक उतरवत, त्यामागचा सांधा मोकळा करत आणि डोळे मिटून तो दोन्ही हातांनी डावीउजवीकडे फिरवत. मग सांगत, "एक पत्री काढ," किंवा "राहू दे." घाट रोडवरच्या त्या वर्कशॉपमध्ये सोळा वर्षं हे असंच चाललं होतं. त्यांनी "राहू दे" म्हटलेली गाडी परत आली नव्हती.

या सांध्याला वर्कशॉपात नकल म्हणत. चाक त्याच्यावर वळतं. वर एक बेअरिंग, खाली एक बेअरिंग, आणि झाकणाखाली कागदासारख्या पातळ पत्र्या. पत्री काढली की सांधा आवळतो, घातली की सैल पडतो. फार आवळला तर स्टिअरिंग जड जातं आणि बेअरिंग जळतं. सैल राहिला तर खराब रस्त्यावर चाक थरथरायला लागतं आणि ड्रायव्हरच्या हातातून स्टिअरिंग सुटतं. या दोन्हींच्या मधली जागा अगदी अरुंद असते. ती नानाजींच्या हाताला कळत होती.

हा हात फुकटचा नव्हता. नानाजी खाप्याकडचे. शेती थोरल्या भावाकडे राहिली आणि हे सतराव्या वर्षी कामठीच्या छावणीत गाड्या धुवायला लागले. लढाईचा काळ होता, जीप नवीनच आल्या होत्या. तिथल्या एका म्हाताऱ्या उस्तादानं त्यांना जवळ केलं आणि सात महिने दुसरं कामच दिलं नाही. उस्ताद पत्र्या बदलून ठेवायचा, नानाजींनी डोळे मिटून सांधा फिरवायचा. "आता?" उस्ताद विचारायचा. उत्तर चुकलं की मनगटावर पाना बसायचा. सात महिन्यांनी मनगटावर काही बसेनासं झालं. तेव्हापासून नानाजी मिस्त्री.

वर्कशॉपचे मालक विश्वनाथराव देशकर. धंतोलीत घर, पूर्वी बस डेपोत नोकरी. छप्पन साली त्यांनी नोकरी सोडून स्वतःची शेड घातली तेव्हा पहिला माणूस घेतला तो नानाजी. खाणींच्या, जंगल ठेकेदारांच्या जीपा येत. ड्रायव्हर फाटकातूनच विचारत, "नानाजी आहेत का?" नसले तर दुसऱ्या दिवशी येत.

सत्तर साली ताराचंद आला.

ताराचंद रहांगडाले, तिरोड्याकडचा. वय तीस. आयटीआय केलेला, आणि सहा वर्षं एका धरणाच्या कामावर मशीनं सांभाळलेला. पहिल्या दिवशी त्यानं खांद्यावरून कॅनव्हासची एक गुंडाळी उतरवली आणि बाकावर उलगडली. आत ओळीनं खिसे शिवलेले, प्रत्येक खिशात एक पाना. लहानापासून मोठ्यापर्यंत. एकही खिसा रिकामा नव्हता. सगळे जमले बघायला. वेल्डिंगवाला वसंत म्हणाला, "अबे, हे तर डॉक्टरचं दुकान आहे."

नानाजींची हत्यारं एका डब्यात होती. त्यातली अर्धी त्यांनी स्वतः ठोकून, कानस मारून केलेली. ती त्यांना अंधारातही सापडत. पण त्या दिवशी डबा उघडताना त्यांनी पाठ वळवली. का वळवली ते त्यांनाच कळलं नाही. राग आला तो मात्र ताराचंदचा आला.

मग रोज काही ना काही निघत गेलं. ताराचंद संध्याकाळी सगळे पाने घासलेटमध्ये धुऊन पुसत असे, आणि विश्वनाथराव जाता जाता थांबून पाहत. ताराचंद कामाचं माप वहीत लिहून ठेवी. ताराचंद हसायचा तर अख्खी शेड त्याच्याबरोबर हसायची. नानाजी काम करत असले की शेड गप्प असे. आजवर नानाजी त्या शांततेला मान समजत आले होते.

एकदा पोळ्याला ताराचंद नानाजींच्या घरी आला. मिठाईचा पुडा आणला, जेवला, आणि स्वतःचं ताट उचलून मोरीत नेऊन ठेवलं. तो गेल्यावर नानाजींची बायको रुखमाबाई म्हणाल्या, "कसा मायेनं बोलते बाप्पा. ताट उचलून ठेवलं त्यानं."

"ताट उचलाले काय अक्कल लागते वं?"

"अक्कल नाही लागत. तुमी तीस वर्सांत नाही उचललं, म्हणून म्हटलं."

नानाजींनी ती मिठाई खाल्ली नाही.

एक गोष्ट त्यांनी मनाशी कबूल केलेली होती, आणि तीच जास्त टोचत होती. ताराचंदचं काम चांगलं होतं. आळशी असता, तर त्याला चार शिव्या घालून नानाजी सुखानं झोपले असते.

बाहत्तरच्या दिवाळीनंतर खाप्याजवळच्या एका मॅंगनीज खाणीचं काम आलं. अकरा जीपा. खाणीची काळी धूळ सांध्यासांध्यांत भरून सगळ्यांचं पुढचं अंग खिळखिळं झालेलं. स्प्रिंगच्या पाट्या गाडीला जोडणारी शेकलं, दोन्ही चाकं जोडणाऱ्या टाय रॉडचे सांधे, नकल, सगळं उतरवून नव्यानं बांधायचं होतं. विश्वनाथरावांनी त्यासाठी मागची शेड मोकळी केली आणि नानाजी, ताराचंद दोघांना बोलावलं.

"मी कलकत्त्याला चाललो आहे. बरोबर एक ट्रंक आहे. या कामासाठी आठ हत्यारं आणतो, नववं बसणार नाही. कोणती आठ ते तुम्ही दोघं बसून लिहा. आणि मागच्या शेडला एक मुख्य मिस्त्री लागेल. कोण, ते पहिल्या सहा गाड्या पाहून ठरवू."

ठरवू! नानाजी ऐकत राहिले. सोळा वर्षांत त्यांच्याबाबतीत कुणी काही ठरवू म्हटलं नव्हतं. ते ठरलेलंच असे.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत दोघं बाकावर बसले. याद्या इंग्रजीत लागत. कलकत्त्याच्या दुकानदाराला दुसरं कळत नसे. त्यामुळे पेन्सिल ताराचंदच्या हातात गेली. हेही नानाजींनी टिपून ठेवलं.

"पहिलं, टाय रॉड सोडवायचा पुलर," ताराचंद म्हणाला.

"कशाले? दोन्हीकडून दोन हातोडे एकदम मार. टपकन सुटते."

"सुटते नानाजी. पण दहात दोन वेळा टोक चेपते. मंग नवा सांधा घालतानी आटा चालत नाही."

खरं होतं. नानाजींनी मान हलवली. पहिली ओळ लिहिली गेली. बेअरिंगची वाटी ओढायचा पुलर, दुसरी. हबच्या मोठ्या नटाचा पाना, तिसरी. त्याला नानाजींनी स्वतःहून जोर दिला. छन्नी लावून हबचा नट फिरवणाऱ्या माणसाला ते मिस्त्री म्हणायला तयार नव्हते. चौथा, बुश दाबून बसवायचा शिकंजा. पाचवा, किती जोरानं आवळलं ते दाखवणारा पाना. सहावा, ठोकायच्या पितळी सुंब्यांचा जोड.

"आता आटा साफ कराले उलट्या आट्याचा टॅप लिही," नानाजी म्हणाले.

"उलट्या?"

"डाव्या अंगच्या शेकलाचा आटा उलटा राह्यते. चिखल बसून खराब होते. सुलटा टॅप घातला त शेकल गेलंच समज."

"हे मले माहीत नव्हतं," ताराचंद म्हणाला आणि लिहून घेतलं.

 माहीत नव्हतं, हे त्यानं तहान लागली म्हणावं इतक्या सहज सांगितलं. नानाजींना ते वाक्य उभ्या आयुष्यात जमलं नव्हतं. उस्तादासमोर नाही, बायकोसमोर नाही. सात ओळी झाल्या होत्या, आणि सातवी त्यांची होती. तरी जिंकल्यासारखं वाटलं नाही.

"आठवं," ताराचंद म्हणाला, "काटा. स्प्रिंगचा."

"कोणता काटा?"

"रद्दीवाले गठ्ठा अडकवून तोलते न, तसा. पण चांगला, खात्रीचा. धरणावर होता आमच्याकडं. नकलच्या भोवतालचं फेल्ट काढून ठेवाचं, टाय रॉडच्या भोकात आकडा अडकवाचा आणि ओढाचं. सांधा हलाले लागला की पाहाचं. साडेपाच ते सात किलोच्या मधात पाहिजे."

शेजारी डबा खात बसलेला वसंत खो खो हसला. "काय गा ताराचंद, जीप तोलून विकतं का? वांगे कसे देल्ले?"

"तुले फुकट देतो. तू आधी तोंड धुऊन ये."

सगळे हसले. नानाजी हसले नाहीत. "माझा हात काय करते मंग?"

"तुमचा हात म्हंजे काटाच आहे, नानाजी. त्याच्यात काही बोलणं नाही. पण ज्या दिवशी तुमी नाही येत, त्या दिवशी? काटा असला त हा वसंताही घंट्याभरात शिकून जाईन."

तो हे कौतुकानं बोलला होता. आणि नेमकं तेच नानाजींना लागलं. वसंता! ज्याला डावाउजवा आटा कळत नव्हता तो वसंता, एका तासात! मग मनगटावर खाल्लेल्या पान्यांचं काय करायचं?

ते म्हणाले, "लिही. पाहू."

यादी सहीसाठी नानाजींकडे राहिली. वर्कशॉपातल्या सर्वांत जुन्या मिस्त्रीनं सही करायची आणि मालकाला द्यायची, असा रिवाज होता. सुट्टी संपून सगळे कामाला लागले तेव्हा नानाजी स्टोअरच्या खोलीत गेले. आठवी ओळ कोणती हे समजायला इंग्रजी लागत नव्हतं. त्यांनी ती आडवी रेघ मारून खोडली. दुसऱ्यांदा रेघ मारली. मग खाली पहिली ओळ, टाय रॉडच्या पुलरची, अक्षर बघून बघून परत उतरवली. इंग्रजीतली अठरा अक्षरं. त्यांना बेअरिंग बसवण्याइतका वेळ लागला. खाली मराठीत सही केली.

विश्वनाथराव आठ दिवसांनी परत आले. ट्रंक उघडली. हत्यारं एकेक बाहेर निघाली, तेलकट कागदात गुंडाळलेली. शेवटच्या कागदातून दुसरा पुलर निघाला. पहिल्यासारखाच.

ताराचंद म्हणाला, "साहेब, काटा?"

"यादीत होतं ते आणलं. ही घे, पाहा."

ताराचंदनं यादी पाहिली. आठवी खोडलेली ओळ पाहिली, तिच्याखालची वाकडी अक्षरं पाहिली. यादी घडी करून परत दिली. "बरं," एवढंच म्हणाला. नानाजी त्या वेळी शिकंज्याचा दांडा पुसत होते. तो आधीच स्वच्छ होता.

दोन दिवसांनी ताराचंद जवळ येऊन हळू म्हणाला, "नानाजी, लोहापुलाजवळच्या रद्दीवाल्याकडून एक काटा आणू का? किराण्याच्या वजनावर तपासून घेऊ."

"माझ्या शेडमधी भाजीचा काटा नाही येणार."

"मंग नकल कसं पाहाचं?"

"सगळं बांधून घे. फेल्ट लाव. मंग फिरवून पाहा. नाही समजलं त मले बोलाव. इतकी वर्सं असंच झालं."

"बरं," ताराचंद म्हणाला.

त्यानं भांडावं, असं नानाजींना फार वाटत होतं. तो भांडत नव्हता.

काम जोरात सुरू झालं. एक गाडी नानाजींची, एक ताराचंदची. ज्यानं बांधली त्यानं मडगार्डच्या आत खडूनं खूण करायची. नानाजींचा गोल, ताराचंदची फुली. शेकलं धुऊन, उलटा टॅप फिरवून, ग्रीस भरून बसत होती. पुलरनं टाय रॉड एकही टोक न चेपता सुटत होते. पहिल्या चार गाड्यांना आठ दिवस लागतील असं नानाजींनी धरलं होतं, पाच लागले. हत्यारं चांगली निवडली होती. सातही.

चौथी गाडी झाली आणि जुन्या फेल्टचा साठा संपला. फेल्ट म्हणजे सांध्याभोवतीचं लोकरीचं कडं, धूळ आत जाऊ नये म्हणून. नवीन साठा आला तो जाड होता, कोरडा होता. बसवताना वसंत म्हणाला, "हे फेल्ट आहे का पायपुसणं?" पाचवी गाडी ताराचंदची होती. त्यानं ती बांधली, फेल्ट लावलं, सांधा फिरवला आणि थांबला. मग हाक मारली, "नानाजी, थोडा हात लावता का? मले अंदाज नाही येऊन राहिला."

नानाजी उठले. सावकाश गेले. सगळे बघत आहेत हे त्यांना माहीत होतं. डोळे मिटले, सांधा फिरवला. हाताला बरोबर जोर लागला. "राहू दे," ते म्हणाले. "बरोबर आहे." त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागलं.

ताराचंदनं फुली मारली. गाडी गेली. सहावी नानाजींची, तीही बांधून दाराशी उभी राहिली. खाणीचा माणूस सोमवारी न्यायला येणार होता.

गुरुवारी पाचवी गाडी दोरानं बांधून परत आली. खाप्याच्या अलीकडे, कन्हानकडे उतरणाऱ्या रस्त्यावर चाकं थरथरायला लागली होती. अनंता ड्रायव्हरनं स्टिअरिंग धरून ठेवायला बघितलं, ते त्याच्या हातातून फिरलं आणि मनगट मोडलं. गाडी कपाशीच्या वावरात गेली म्हणून पुढचं टळलं. खाणीच्या मॅनेजरचं पत्र बरोबर होतं. ज्या मिस्त्रीनं हे काम केलं त्याला काढा, नाहीतर उरलेल्या गाड्या दुसरीकडे जातील.

विश्वनाथरावांनी मडगार्डच्या आत वाकून पाहिलं. फुली.

"ताराचंद, तुझी आहे."

"हो, साहेब."

"तपासली होतीस?"

नानाजी पाच हातांवर उभे होते. ताराचंदनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तपासली होती," तो म्हणाला.

"सोमवारपर्यंत मला उत्तर द्यायचं आहे," विश्वनाथराव म्हणाले आणि ऑफिसात गेले.

हे नानाजींना सहन होईना. त्यानं नाव घ्यायला हवं होतं. यांनीच हात लावला, यांनीच राहू दे म्हटलं, असं ओरडायला हवं होतं. मग नानाजी त्याच्याशी भांडले असते, आणि सगळं सोपं झालं असतं. पण तो चुलीवरच्या दुधाकडे लक्ष ठेवावं तसा आपल्या कामाकडे लक्ष ठेवून होता. एवढा मोठेपणा करायला याला कोण सांगतं? नानाजींना वाटलं, हाही त्याच्या गुंडाळीतला एक पाना आहे, आणि तो आपल्या डब्यात नाही.

घरी त्यांनी भाकर अर्धीच खाल्ली. रुखमाबाईंनी विचारलं, "काय झालं जी?"

"ताराचंदची गाडी पडली."

"अगं माय! त्याले लागलं का?"

"त्याले काहून लागन? ड्रायव्हरले लागलं," असं म्हणून नानाजी ताटावरून उठले.

शुक्रवारी सकाळी सात वाजताच ते शेडमध्ये आले. मनात एकच होतं. आपला हात चुकत नाही, म्हणजे मागून ताराचंदनं काहीतरी बदललं. पत्री घातली असेल, बोल्ट अर्धा आवळला असेल. ते सापडलं की झालं. त्यांनी पडलेल्या गाडीचं चाक उतरवलं, झाकण काढलं आणि पत्र्या मोजल्या. जितक्या होत्या तितक्याच. बोल्ट बरोबर आवळलेले. वाटी सरळ बसलेली. चूक म्हणून काही नव्हतं.

मग त्यांनी फेल्ट सोडलं. सांध्याला हात लावला, आणि सांधा दाराच्या झडपेसारखा आपोआप फिरून गेला.

नानाजींनी हात मागे घेतला. परत लावला. परत तो तसाच गेला. फेल्ट लावून बघितलं, आता बरोबर जोर लागत होता. काढलं, जोर गेला. त्यांच्या हाताला लागला तो जोर बेअरिंगचा नव्हताच. तो नव्या, जाड, कोरड्या लोकरीचा होता. जुनं फेल्ट मऊ असायचं, म्हणून इतकी वर्षं निभावलं. हात खोटं बोलला नव्हता. पण तो कशावर ठेवला आहे ते त्यांनी बघितलं नव्हतं.

दाराशी सहावी गाडी उभी होती. तिच्यावर गोल होता.

ते लोहापुलाजवळ चालत गेले. रद्दीवाल्यानं नुकतं दार उघडलं होतं. "काटा पाह्यजे, संध्याकाळपर्यंत."

"काय तोलता, मिस्त्री?"

"तुले काय कराचं?"

वाटेत किराणा दुकानात त्यांनी पाच किलोचं वजन आकड्याला अडकवून काटा तपासला. बरोबर पाच दाखवत होता. शेडमध्ये येऊन सहाव्या गाडीचं चाक उतरवलं, फेल्ट काढलं, टाय रॉडच्या भोकात आकडा घातला आणि ओढलं. कसं ओढायचं ते कुणी शिकवलं नव्हतं. पण ताराचंद बोलला होता ते शब्द न शब्द आठवत होतं, नको असताना. सांधा हलला तेव्हा काटा अडीचवर होता.

पडलेल्या गाडीवर लावला. तीन.

म्हणजे त्यांची स्वतःची गाडी जास्त सैल होती. शेडमध्ये अजून कुणी आलेलं नव्हतं. दोन पत्र्या काढल्या असत्या तर काम पाऊण तासाचं होतं. गोल गोलच राहिला असता, फुली फुलीच. सोमवारी ताराचंद गेला असता, आणि कॅनव्हासची ती गुंडाळी त्याच्याबरोबर. नानाजींनी झाकणाच्या पहिल्या बोल्टला पाना लावलासुद्धा.

हा बोल्ट त्यांना फिरवता आला नाही. चांगुलपणा आठवला म्हणून नव्हे. अडीच हा आकडा त्यांनी पाहिला होता म्हणून. पत्र्या काढून तो सहा झाला असता, पण आपल्या हातानं त्याला बरोबर म्हटलं होतं हे पुसलं गेलं नसतं. आणि ते एकट्यालाच माहीत असणं त्यांच्यानं पेलवणार नव्हतं.

त्यांनी पाना खाली ठेवला, काटा तसाच लटकत ठेवला, आणि स्टुलावर बसून राहिले.

नऊ वाजता सगळे आले. विश्वनाथराव मागच्या शेडमध्ये आले तेव्हा ताराचंद आणि वसंत दारातच थबकलेले होते.

"हे काय चाललंय, नानाजी?"

नानाजी उठले. काटा धरून ओढला. "वाचा, साहेब."

"अडीच."

"साडेपाच पाह्यजे. गाडी कोणाची ते पाहा."

विश्वनाथराव वाकले. गोल पाहिला.

"नवं फेल्ट हाताले फसवते. मले नाही समजलं. ताराचंदच्या गाडीवर हात म्या ठेवला होता. राहू दे म्हटलं म्या. त्यानं माझं ऐकलं."

"त्यानं मला हे सांगितलं नाही."

"नाही सांगितलं. काहून नाही सांगितलं ते त्याले इचारा." नानाजींनी काटा सोडला. "आणि यादीतला काटा म्या खोडला."

 विश्वनाथरावांनी विचारलं, "का?"

नानाजींनी उत्तर शोधलं. हात आहे तर काटा कशाला, असं म्हणता आलं असतं. बाजारातल्या काट्याचा भरवसा नाही, असंही. ते म्हणाले, "त्याच्या हातात पाहावला नसता."

वसंतानं खाली मान घातली. ताराचंद पुढे आला, काट्याचा आकडा काढून दुसऱ्या चाकाकडे गेला. "इकडलं पाहून घेऊ," तो म्हणाला, कुणाकडेच न बघता. "झाकण सोडता का कोणी?"

झाकण नानाजींनी सोडलं.

आधी गेलेल्या चारही गाड्या त्याच दिवशी परत बोलावल्या. जुन्या फेल्टच्या होत्या त्या चारही काट्यावर बरोबर निघाल्या, नानाजींच्या दोन्ही सहावर. ताराचंदनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. नानाजींना वाटलं, हळू वाचला असता तरी चाललं असतं. विश्वनाथरावांनी खाणीला पत्र लिहिलं की मिस्त्रीची चूक नाही, तपासायच्या रीतीची होती, ती बदलली आहे. अनंताला बघायला नानाजी एकटेच खाप्याला जाऊन आले. तिथं काय बोलले ते त्यांनी घरीही सांगितलं नाही.

शनिवारी विश्वनाथरावांनी निकाल दिला. मागची शेड ताराचंदकडे.

"मले ट्रकवर टाका," नानाजी म्हणाले.

"नाही. उलटा टॅप त्याला धड धरता येत नाही. तुम्ही मागेच राहाल. त्याच्या हाताखाली."

विश्वनाथराव हे शिक्षा म्हणून बोलले की काम नीट व्हावं म्हणून, ते नानाजींना कळलं नाही. दोन्ही असेल. त्यांनी रविवार घरी काढला. रुखमाबाईंनी विचारलं तेव्हा सगळं सांगितलं, यादीसकट. त्यांनी तांदूळ निवडून सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "उद्या डबा देऊ न?"

"दे."

सोमवारी आठ वाजता ते शेडमध्ये होते. सातवी जीप जॅकवर चढवलेली होती. आठवी, नववी बाहेर उभ्या. ताराचंद गुंडाळी उलगडत होता. नानाजींना पाहून तो अवघडला.

"या, नानाजी."

"कोणती गाडी?"

"तुमी सांगा न. कोणती घेता?"

"मी नाही सांगत. शेड तुही आहे."

"असं काय करता..."

"नीट सांग. कोणती गाडी, कोणतं अंग, कुठून धरायचं."

ताराचंदनं त्यांच्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडावरचं हसू गेलं होतं. त्याला हे जड जात होतं, आणि ते पाहून नानाजींना, खरं सांगायचं तर, जरा बरं वाटलं.

"सातवी," ताराचंद म्हणाला. "डावं अंग. शेकलापासून धरा."

नानाजींनी हत्यारांचा डबा बाकावर ठेवला, तोंड सगळ्यांकडे करून, आणि उघडला.

"फेल्ट मीच बसवीन," ताराचंद म्हणाला. "काटा लावल्यावर."

"तू बसव," नानाजी म्हणाले आणि गाडीखाली शिरले.